राजगडापुढे हे काहीच नाही

गेल्या वसंतात आम्ही दोघं जर्मनीतल्या नेकारसुल्महून लाल खडकांच्या डोंगरात हाइकला गेलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळी रानफुलं, वर भिंतीसारखे उभे तांबडे कडे. माझ्या पुणेकर सहकाऱ्याची मात्र एकच टकळी: "ह्यॅ! आमच्या राजगडापुढे हे म्हणजे मुरुमाचे ढिगारे." फुलं दाखवली, तर म्हणे, कास पठार बघ. माझं डोकं उठलं. काठ्या टेकत एक जर्मन आजी आम्हाला मागे टाकून गेल्या, तेव्हा हा धापा टाकत बाकावर बसला. तोंड चालूच. शेवटी मी विचारलंच, "राजगडावर किती वेळा गेलायस रे?"

तो आधी घटाघटा पाणी प्यायला. "छे! तिथं वरपर्यंत गाडी कुठे जाते?"