बाबांचे शब्द आणि काकूंच्या दोन पेट्या

बाबा पिंगळीच्या शाळेत मास्तर होते. आपल्या भागातल्या बोलण्यातले शब्द ते वर्षानुवर्षं गोळा करत आणि परभणीत एका काकूंच्या डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेत. पुस्तक काही निघालं नाही. घर बदलताना कागदही गेले. यंदा मोठ्या आजारातून उठल्यावर बाबा त्या शब्दांचीच आठवण काढू लागले, म्हणून मी काकूंकडे गेले.

दुकान केव्हाच बंद झालेलं. पण काकूंनी जुना कॉम्प्युटर आणि त्याला बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क भंगारात घातल्या नव्हत्या. चांगल्या जडशीळ पेट्या.

"गुरुजींची फाइल ह्या पेटीत हाय," काकू म्हणाल्या, "आन् फॉन्ट त्या दुसरीत. दोन्ही संगं चालल्या तरच वाचता येईल."

पहिली पेटी कॉम्प्युटरला, दुसरी पहिलीला, अशी जोडणी केली. पडद्यावर एकच पेटी दिसली. फाइल उघडली, तर मराठीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. माझा धीरच सुटला.

काकूंनी मात्र पेट्या उलट्या फिरवल्या आणि चष्मा वर-खाली करत मागचे आकडे वाचले. "अगं, दोघींचा नंबर एकच हाय! मशीनला कळायचं कसं, कोणती कोण?"

सगळं बंद करून त्यांनी एका पेटीचा नंबर बदलला. जोडलेल्या पेट्यांच्या साखळीच्या टोकाला लावायचा बारका प्लग मला सापडेना. तो त्यांच्या शिवणाच्या डब्यात निघाला. तो शेवटच्या पेटीला लावला. आधी पेट्या सुरू केल्या, मग कॉम्प्युटर.

"दिसायल्यात की दोन्ही!" काकूंनी टाळीच वाजवली.

फाइल पुन्हा उघडली आणि बाबांचे शब्द स्वच्छ मराठीत समोर आले. माझे डोळे भरून आले. काकूंनी पंखा माझ्याकडे वळवला.

प्रिंटर मेलेला होता. मग मी एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढला.

घरी बाबा मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचत बसले. मला वाटलं, गहिवरतील. एका शब्दावर ते थबकले. "'आवंदा' म्हंजे मागल्या वर्षी? कोणी लिहिलं हे? आवंदा म्हंजे या वर्षी!"

आजारपणानंतर त्यांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी तसाच काकूंना फोन लावला.

"गुरुजींना म्हणावं, दुरुस्त्या पाठवा," त्या हसत म्हणाल्या. "मशीन जोडलेलीच ठेवते."