शेबेस्तोवाबाईंचा डोंगर

मी सांभाळतो त्या ओलोमोउत्सच्या प्रवासी हॉस्टेलात शेबेस्तोवाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा घराला रंग लावायचं काम चालू आहे म्हणाल्या. दुसऱ्यांदा आल्या त्या मैत्रिणीच्या अंत्यविधीला. पुढे त्यांच्या इतक्या मैत्रिणी वारल्या की एकदा मी न राहवून म्हणालो, "बाई, साथबीथ आली असेल तर आम्हालाही कळवा." त्यांनी खाली मान घातली, किल्ली उचलली आणि वर गेल्या.

माझं तोंड फटकळ आहे, हे गावाला ठाऊक आहे. पण बाईंना पाहून मला चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. ओस्त्राव्यात उभा जन्म ट्राम चालवलेली बाई, साठी उलटलेली, विधवा. आणि आमच्या दारातून चोरासारखी आत यायची. हॉस्टेलात काय वाईट आहे? बंक घ्यायच्या तो नेहमी वरचा, म्हणजे दारातून कुणाला दिसायला नको. पोरं चेष्टा करायची.

"आजी, वर चढायला क्रेन बोलावू?"

"माझी काळजी सोड. तू बिअर पिऊन येशील तेव्हा तुझीच खाट शोध म्हणजे झालं."

तेवढ्यापुरत्या त्या खुलायच्या. ब्रनोला किल्ला चढून आले, तेल्चच्या तळ्याकाठी एकटीनं जेवले, पार्दुबित्सेला नुसती बसमधून हिंडले, असं सांगता सांगता चेहरा उजळायचा. मग कुणाचा फोन वाजला की पुन्हा गप्प.

खरी गोष्ट त्यांनी मला एकदा कॉफीवर सांगितली. आमच्या चेक देशात शुक्रवारी दुपारी शहरं रिकामी होतात. ज्याचं त्याचं डोंगरात नाहीतर नदीकाठी एक चिमुकलं घर असतं, तिथं जाऊन माणसं रविवारपर्यंत तण उपटतात, कुंपणं रंगवतात, छपराला ठिगळं लावतात आणि ह्याला विश्रांती म्हणतात. शेबेस्तोवाबाईंचं घर बेस्किडीच्या डोंगरात. लग्न झाल्यापासून एक शुक्रवार चुकला नाही. नवरा भिंती बांधायचा, ह्या वाफे खणायच्या. नवरा गेला तेव्हा मुलगा रादिम म्हणाला, "आई, डोंगरावर जात राहा, तुझं मन रमेल." झालं! मन रमेना, पण सांगणार कसं? मग दर शुक्रवारी 'डोंगरावर चालले' असं सांगून त्या उलट्या दिशेची गाडी पकडायला लागल्या.

"पण मुरांबा?" मी विचारलं. कारण डोंगरावरून आईनं बरण्या आणल्या नाहीत तर आमच्याकडे पोरं डॉक्टरला बोलावतील.

बाईंनी आवाज खाली आणला. "शनिवारच्या बाजारात घेते. आणि घरच्या बरण्यांत भरते. गेल्या वेळी रादिम म्हणाला, आई, आजवरचा सगळ्यात फक्कड मुरांबा हा." एवढं बोलून त्यांनी कप इतका वेळ ढवळला की मीच उठून गेलो.

मग एका रविवारी सकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात हेच करत होत्या. दुसऱ्याच्या बरणीतला आलुबुखाराचा मुरांबा आपल्या बरणीत. मी शेजारी भांडी घासत होतो. फोन वाजला. हात चिकट, म्हणून त्यांनी तो ओट्यावर ठेवूनच सुरू केला. रादिमचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"आई, कुठे आहेस?"

"कुठे असणार? झाडाखाली. आलुबुखार वेचतेय. गांधीलमाश्या फार झाल्यात बघ यंदा."



"आई, मी झाडाखालीच उभा आहे."

बाईंच्या हातातला चमचा बरणीत बुडाला. बिचारा आईला वाढदिवसाची भेट म्हणून डोंगरावरच्या घराच्या छपराला नवी पन्हाळ बसवायला गेला होता, तिला न सांगता. बाईंनी पत्ता सांगितला तेव्हा त्यांचा आवाज मलाही नीट ऐकू आला नाही.

जेवणवेळेच्या आत तो दारात हजर. धिप्पाड गडी, चेहरा पांढरा. बूट न काढता आत आला. आमच्याकडे असं फक्त रुग्णवाहिकेतले लोक करतात.

"विहिरीत डोकावून आलो मी! कळतंय का तुला? विहिरीत!"

"रादिम, बस तरी."

"शेजारी म्हणतात, वर्षभर दिसली नाहीस. आजारी आहेस का? इथल्या इस्पितळात येतेस का?"

"नाही रे. धडधाकट आहे."

"मग काय?"

बाईंनी तोंड उघडलं. आता सांगतील, मला वाटलं. सांगून टाका बाई, मी मनात म्हणालो. रादिमनं ओट्यावरच्या दोन बरण्या पाहिल्या, एक भरलेली, एक रिकामी. मग ॲप्रन लावून उभा असलेल्या मला पाहिलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"कुणी आहे का, आई?"

बाईंनी बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "हो. हा ओताकर. ओताकर, सांग ना त्याला."

एवढ्या दिवसांत त्यांनी मला एकदाही अरेतुरे केलं नव्हतं. माझ्या हातात ओला तवा होता.

रादिम मटकन खुर्चीवर बसला आणि हसायलाच लागला. डोळे पुसत म्हणाला, "अगं मग बोलायचं की! बाबा जाऊन इतका काळ झाला, आम्ही काय तुला खाल्लं असतं?" उठून त्यानं माझा हात पकडला, तव्यासकट. "काका, येत्या शुक्रवारी दोघं डोंगरावर या. पन्हाळ आपण मिळून बसवू. आता हिला एकटीला सोडायचं नाही."

मी बोलणार होतो. पण बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी तवा पुसायला लागलो.

तो गाडी काढायला गेला तसा माझा भडका उडाला. "मी तुमचा कोण? एकटीनं फिरायला आवडतं, एवढं बोलायला जीभ झडत होती का?"

"माणूस आहे म्हटलं की त्याला समजतं," बाई म्हणाल्या. "एकटीला आवडतं म्हटलं असतं, तर घरी जाऊन बायकोला विचारत बसला असता, आपलं काय चुकलं. आणि मलाही ते तोंडातून काढवत नाही हो. कुणासाठी नाही, कशासाठी नाही, नुसतं मजेत हिंडायचं. ह्या वयात. लाज वाटते मला."

"आणि आता?"

"आता काय, डोंगर."

त्यांनी वर जाऊन आपल्या चादरी काढून आणल्या, घडी घालून माझ्या हातात दिल्या. मी दारापर्यंत गेलो. गाडीत बसून त्यांनी मला हात केला, बाईमाणूस आपल्या माणसाला करते तसा, मुलाला दिसेल असा. मीही केला. तशी त्यांनी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं.

रादिमनं काच खाली केली आणि आनंदानं ओरडला, "काका, बघा, आई कशी पोरीसारखी लाल झालीय!"