दहावी पास पोरीचं वजन

प्रेमलाताई ओव्हाळ सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांचीच वाक्यं टाइप केली. साहेबांचा मसुदा हातात आला की त्यात स्वतःचा एक शब्द घालायच्या नाहीत. काही चुकल्यासारखं वाटलं, तर समासात पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढायच्या आणि कागद परत पाठवायच्या. साहेब आधी रागवायचे, मग दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावरही ती पेन्सिल त्यांच्या पर्समधून काही गेली नाही.

त्यांचा साठावा वाढदिवस जवळ आला, तेव्हा मुलीने, दीक्षाने, आईचं आत्मचरित्र काढायचं ठरवलं. दीक्षा हिंजवडीला कामाला जाते. कंपनीच्या बसमध्ये रोज इतका वेळ अडकून पडते की असल्या कल्पना सुचायला तिला भरपूर सवड असते. काही रविवार तिने आईसमोर मोबाइल ठेवून आईला बोलतं केलं, ते सगळं एआयला दिलं, आणि एआयने चांगलं जाडजूड पुस्तक लिहून दिलं. वाढदिवसाला विहाराच्या हॉलमध्ये ते सगळ्यांना वाटायचं होतं. छापखान्यात मजकूर सोमवारी द्यायचा होता, म्हणून रविवारी दुपारी बिबवेवाडीच्या त्यांच्या घरात कच्च्या प्रिंटची तपासणी चालली होती.

बाबुरावांनी, म्हणजे प्रेमलाताईंच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या यजमानांनी, ते आधीच वाचून काढलं होतं.

"फार सुंदर लिहिलंय," ते म्हणाले. "ही बाई कोण आहे, एकदा भेटायला हवं."

"भेटा की. चहाही तिच्याकडेच मागा."

पुस्तक वाईट नव्हतं. टायपिंग क्लासमधल्या खडखडाटाचं वर्णन तर प्रेमलाताईंनी दोनदा वाचलं. "हे मी असं सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. "साधारण असंच," दीक्षा म्हणाली. मग त्या दहावीच्या निकालाच्या पानावर आल्या.

"आईने हातातली पाटी खाली ठेवली," असं तिथे लिहिलं होतं. "कष्टाने खरबरीत झालेल्या हातांनी तिने मला छातीशी कवटाळलं. 'पोरी, आज माझ्या घामाचं सोनं झालं,' ती म्हणाली."

प्रेमलाताईंनी पर्समधून पेन्सिल काढली आणि समासात प्रश्नचिन्ह केलं.

"असं काही झालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

दीक्षाने मोबाइलवरचं बोलणं लावलं. त्यात प्रेमलाताईंचाच आवाज सांगत होता, "निकाल लागला. आई खूश झाली. मग मी टायपिंगला नाव घातलं."

"'आई खूश झाली' याचं एवढं मोठं प्रकरण केलंय त्याने," दीक्षा ओशाळून म्हणाली.

"आमच्या पोस्टात तारेच्या खिडकीवर असता तर बढती मिळाली असती त्याला, शब्दामागे पैसे घ्यायचो आम्ही," बाबुराव म्हणाले.

प्रेमलाताई ते वाक्य काढायला सांगणार, एवढ्यात दारावरची बेल वाजली. हडपसरहून नंदा आली होती, प्रेमलाताईंची धाकटी बहीण. तिचे डोळे लाल होते. दीक्षाने सकाळीच तिला ते पान मोबाइलवर पाठवलं होतं.

"ताई, बसमध्ये मी इतकी रडले, कंडक्टरला वाटलं माझं पाकीट मारलं कोणी," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं गं. मी तिथेच होते ना, चुलीपाशी. आईच्या पदराला कांद्याचा वास येत होता."

निकालाच्या दिवशी नंदा सुट्टीसाठी शिरूरला मामाकडे होती. प्रेमलाताईंना ते पक्कं आठवत होतं.

"आपली आई दगड आहे, असं मी जन्मभर म्हणत आले," नंदा सोफ्यावर टेकत म्हणाली. "मला तिने कधी जवळ घेतलं नाही. पण तुला घेतलं ना! म्हणजे तिला येत होतं, ताई. नंतर राहून गेलं असेल. सुनेलाही पाठवलं मी हे पान. म्हटलं, बघ, अशी होती माझी आई."

प्रेमलाताईंनी प्रश्नचिन्हावर हळूच तळहात ठेवला. हे वाक्य राहिलं तर कोणाचं काय बिघडणार होतं? त्यांची आई आनंदीबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मेल्यावर का होईना, नंदाला आई मिळत होती. पण त्या वाक्यात 'मी' होतं, आणि पुस्तकावर त्यांचं नाव येणार होतं. साहेबांची चूकसुद्धा त्यांनी कधी गुपचूप पुढे पाठवली नव्हती.

"हाताखाली काय लपवतेस?" नंदाने विचारलं. तिची नजर लहानपणापासूनच तीक्ष्ण.

प्रेमलाताईंनी हात काढला. नंदाने ते चिन्ह पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"आईने मला कवटाळलं नव्हतं, नंदे," प्रेमलाताई म्हणाल्या. "निकाल सांगितला तर 'बरं झालं' म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला मार्केट यार्डात घेऊन गेली, कांद्याच्या गाळ्यावर, ती निवडायला बसायची तिथे. मला वाटलं, आता कामालाच लावणार. तर हमालांना म्हणाली, 'हिला काट्यावर घ्या.' पोती तोलायचा तो मोठा लोंबता काटा. त्याच्या पारड्यात मला बसवलं. 'बघा रं, धावी पास हाय. नीट तोला.' सगळ्या बाया हसायला लागल्या. एक हमाल म्हणाला, 'मावशे, अर्धं पोतं बी भरत न्हाय ही.' तर आई म्हणते, 'सरकारी पगार खाईल तवा भरंल.'"

"मग हे का नाही सांगितलंस मला?" दीक्षाने विचारलं.

"कांद्याच्या काट्यावर बसले होते, हे काय पुस्तकात घालायचं?" प्रेमलाताई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पारडं हलायला लागलं तशी आईने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. हमाल ओरडत होता, 'मावशे, सोड, वजन चुकतंय!' पण तिने काही सोडलं नाही."

नंदा सोफ्यावरून पुढे सरकली.

"मलाही बसवलं होतं," ती म्हणाली. "ऑक्टोबरच्या परीक्षेला सुटले तेव्हा."

"तू कधी बोलली नाहीस!"

"काय बोलणार? मार्चला नापास झालेली मी. वाटलं, चारचौघांत थट्टा करतेय. आणि पारडं धरून उभी होती, सोडेचना. मला वाटलं, माझं वजन जास्त भरावं म्हणून खाली दाबतेय. उडी मारून पळाले ताई मी. परत त्या गाळ्याकडे फिरकले नाही." नंदाने पदर डोळ्यांना लावला, आणि पदराआडून तिला हसू फुटलं. "अगं, पडेन म्हणून धरलं होतं तिने!"

बाबुराव उठून आत गेले आणि कोणी न सांगता त्यांनी चहा टाकला.

दीक्षाने कवटाळण्याचा परिच्छेद काढून टाकला, काट्याची हकिगत एआयला सांगितली आणि नवा परिच्छेद मोठ्याने वाचला. गाळा, पारडं, हमाल, सगळं बरोबर आलं होतं. शेवटी मात्र एक वाक्य जास्तीचं होतं, "आईच्या डोळ्यांत पाणी होतं."

"हे याने परत घातलं आपल्या मनाचं," दीक्षा म्हणाली. "काढू?"

नंदाने बहिणीकडे पाहिलं.

प्रेमलाताईंनी पेन्सिल उचलली, मोबाइलवरच्या त्या वाक्यावरून एकदा नजर फिरवली आणि पेन्सिल पर्समध्ये टाकली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दिवसभर कांद्यात बसणारी बाई. पाणी होतंच. कशाचं, तेवढं लिहू नकोस."

"आणि माझंही घाल गं," नंदा दीक्षाला म्हणाली. "ऑक्टोबरचं म्हण, पण घाल. वजन तेवढं कमी लिही."