सहा इंचांची ताठ मान

अंजनगावातले खुशालराव कोणापुढं वाकत नाहीत, असं ते स्वतःच सांगतात. दुसरं कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. सहा फूट उंची हा त्यांचा आयुष्यातला एकुलता एक पराक्रम, आणि तोही आईबापांनी केलेला. अडचण होती बैठकीत मधोमध आडव्या गेलेल्या सागाच्या तुळईची. तिच्याखालून जाताना कमरेतून वाकावं लागे, आणि नेमक्या समोरच्या बाजेवर पार्वताबाई बसलेल्या. गल्ली म्हणे, "खुशालराव दिवसातून धा खेपा बायकोच्या पाया पडते."

हे त्यांना फार झोंबे. करिश्माचं, म्हणजे लेकीचं, साक्षगंध ठरलं, वरूडचे व्याही घरी येणार म्हटल्यावर त्यांनी पणच केला: व्याह्यांदेखत ताठ मानेनं आत जायचं.

नत्थुजी मिस्तरीनं छताला टेकू दिले, बारा इंची तुळई उतरवली आणि सहा इंची लोखंडी गर्डर चढवला. अर्धा फूट मोकळा झाला. खुशालराव चार वेळा खालून फिरून आले. टोपी हललीसुद्धा नाही. कोणी बघत नाही असं पाहून पाचव्यांदाही फिरले.

"भाऊ, खाली भराव किती टाकून राहिले?" नत्थुजीनं विचारलं. समोरचा सिमेंटचा रस्ता उंच झाल्यापासून पावसाचं पाणी बैठकीत शिरे, त्याचा बंदोबस्त व्हायचा होता.

"तू वरचं पाय. खालचं मी पाईन."

"अवो, तो बराबर इचारून राहिला," पार्वताबाई बोलल्या.

"तुले काय समजते बांधकामातलं?"

नत्थुजी गेला, आणि खुशालरावांनी खालचं पाहिलं. नऊ इंच मुरूम, त्यावर चकचकीत टाइल्स. काम व्याही येण्याच्या आदल्या दिवशी कसंबसं उरकलं. ओल्या टाइलवर सकाळपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही, हा हुकूमही त्यांचाच.

सकाळी व्याही आले. गृहस्थ बुटके, ते सरळ आत गेले. बाज सकाळीच पुन्हा जागेवर आली होती, आणि तिच्यावर पार्वताबाई. मागून छाती काढून खुशालराव, "या, या, आपलंच घर समजा..."

ठण्ण!

साग निदान गुमान मारत होता. लोखंड गल्लीभर वाजलं. टोपी उडाली ती थेट पार्वताबाईंच्या पायांशी. व्याही पाहत राहिले. एका हातानं कपाळ दाबत खुशालराव ती उचलायला वाकले.

"असू द्या, असू द्या," पार्वताबाई म्हणाल्या. "रोजचंच हाय."