दादाच्या गॅरेजखालची भट्टी

नगररचना कार्यालयात तिला सगळे थांबाताई म्हणत. कुणी बांधकामाची परवानगी मागितली की त्या जमिनीखाली जुने अवशेष असतील का, हे नकाशावर पाहणं तिचं काम. शक्यता दिसली की ती अट घालायची: आधी खणून पाहा, नोंद करा, मग पाया घाला. लोक तिच्या नावानं बोटं मोडत. आणि इतक्या वर्षांत त्या खड्ड्यांतून निघालं काय, तर गंजके खिळे, फुटके नळ आणि एकदा कुणाची तरी कवळी! ‘काही सापडलं नाही, हीसुद्धा नोंदच असते,’ असं ती ठासून सांगे. पण सांगताना तिचं तिलाच हसू फुटे.

अशात तिच्या सख्ख्या दादानं गॅरेजसाठी अर्ज केला. घरचं प्रकरण, म्हणून तिनं फाइल शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे सरकवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानं नकाशा पाहिला, घसा खाकरला आणि तीच अट घातली.

लगेच वहिनीचा फोन. “वन्सं, माझी नवी गाडी उन्हात तापतेय! तुम्ही ऑफिसात असून उपयोग काय?”

“अहो वहिनी, सही माझी नाही.”

“सही त्यांची, पण खोड तुमचीच!”

खोदकाम सुरू झालं. वहिनी हाताची घडी घालून, तोंड फुगवून पाहत उभी राहिली. आणि दुसऱ्याच दिवशी तिचाच फोन आला, “वन्सं, या! आत्ताच्या आत्ता या!”

थांबाताई रजेचा अर्ज अर्धवट टाकून धावत सुटली. खड्ड्यात भाजून लाल झालेल्या मातीचं मोठं वर्तुळ उमटलं होतं. विटा भाजायची जुनी भट्टी! खोदणाऱ्या बाईनं तीन विटा धुऊन शेजारी मांडल्या होत्या. विटा ओल्या असताना त्यांच्यावरून कुत्रं पळालं होतं. पंजे अगदी स्पष्ट. आणि शेवटच्या विटेवर, पंजांच्या मागोमाग, माणसाचं अनवाणी पाऊल!

वहिनीनं श्वास रोखून विचारलं, “मग? सापडलं का हो ते कुत्रं त्या माणसाला?”

थांबाताईला हसू आवरेना. ती तिथेच चिखलात बसली, पोट धरून. खोदणारी बाईही हसायला लागली. वहिनीनं चप्पल काढली, पाऊल त्या ठशाशेजारी धरलं आणि ओरडली, “माझ्याच मापाचं! बाईच असणार! आपल्या मेहनतीचं वाटोळं झाल्यावर बाईच अशी धावते!”

दादा घरी आला तेव्हा बायको आणि बहीण दोघी कोपरापर्यंत मातीनं माखून, ब्रशनं विटा झाडत बसल्या होत्या. “चहा?” त्यानं भीत भीत विचारलं.

“तूच टाक,” दोघी एकदम म्हणाल्या. “आम्हालाही.”

भट्टीची मापं घेतली, चित्रं काढली, फोटो झाले. मग ती वाळूखाली झाकून तशीच सुरक्षित ठेवली. सहकाऱ्यानं सुधारित आराखडा मंजूर केला आणि गॅरेज अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलं, अगदी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. वहिनीनं गाडी हसतहसत तिथे नेऊन लावली. आता घरी कुणीही आलं की ती आधी अंगणात नेते, मोकळ्या मातीकडे बोट दाखवते आणि त्या वीट पाडणाऱ्या बाईनं कुत्र्याला कसं पकडलं ते रंगवून सांगते. पकडल्याचा पुरावा काडीचाही नाही, हे थांबाताईला पक्कं ठाऊक आहे. ती शेजारी उभी राहून गंभीरपणे मान डोलावते.