दाबाचा चढ

नेरच्या कनिष्ठ महाविद्यालयात साधना भगत गणित शिकवते. मूळची फुलसावंगीची. एखादी गोष्ट ‘अशीच असते’ म्हणून सोडून देणं तिला लहानपणापासून जमलं नाही.

तिचा नवरा धर्मपाल डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. एका दुपारी ती त्याच्या गॅरेजवर डबा घेऊन गेली, तर पाण्याच्या पंपाचं एक जुनं इंजिन घण मारल्यासारखं ठोकत होतं.

“आत दाब लय होत असंन,” धर्मपाल म्हणाला.

“मोजला काय तुमी?”

“तो कसा मोजाचा?”

झालं, साधनाला चैन पडेना. तिचा वर्गमित्र मारोती यवतमाळला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्याला तिनं गळ घातली. रविवारी तो दाब मोजणारा सेन्सर घेऊन आला आणि धर्मपालनं तो सिलिंडरच्या हेडात, म्हणजे वरच्या झाकणात बसवला. चाक फिरताना आतला दाब कसा बदलतो, त्याची रेघ लॅपटॉपवर उमटली. मग तसल्याच, पण न ठोकणाऱ्या इंजिनाची रेघ घेतली. दोन्हींची टोकं जवळपास सारख्याच उंचीची!

“मंग हेच काहून ठोकते?” धर्मपाल चक्रावला.

साधना बराच वेळ रेघांकडे बघत राहिली. एकाएकी तिचे डोळे चमकले.

“दाब किती हाये ते नका पाहू. तो किती झपाट्यानं चढून राह्यला, ते पाहा!”

वर्गात फळ्यावर शिकवते तेच विकलन, म्हणजे बदलाचा वेग काढायची रीत, तिनं इथे लावली. चाकाच्या प्रत्येक अंशाला रेघेचा चढ काढला. चांगल्या इंजिनाचा चढ टेकडीसारखा आला, ठोकणाऱ्याचा बाभळीच्या काट्यासारखा.

“म्हणजे डिझेल लवकर येते, पेटाच्या आधी साचते अन् मंग एकदम भडकते,” धर्मपाल म्हणाला. त्यानं इंधनपंपाखाली पातळ पत्र्याची चकती, म्हणजे पत्री घालून पंप किंचित उचलला, म्हणजे डिझेल जरा उशिरा जाईल. ठोका मऊ झाला. खुशीत त्यानं आणखी एक पत्री घातली, तर धुराडं काळा धूर ओकू लागलं.

साधनानं आता सिलिंडरमधला दाब आणि आतल्या जागेचं आकारमान यांचा आलेख काढून त्याच्या वेढ्यातलं क्षेत्रफळ काढलं. इंजिनानं एका फेरीत केलेलं काम तेच. ते घटलं होतं.

“काढा एक पत्री.”

त्यानं काढली. इंजिन एका लयीत चालू लागलं. मारोती सेन्सर आवरायला लागला, तशी साधना म्हणाली, “राहू दे ना आठ दिवस. सकाळी थंड इंजिन जास्त ठोकते, ते कायले, हे पाहाचं हाये मले.”

धर्मपाल हसला. “आता इचा डबा मलेच आणा लागंन इथं!”