उपरण्याची गाठ आणि माझी उचकी

माझं पहिलं लग्न तुळजापूरच्या देवळात झालं. नवरीचा खरा नवरा तेव्हा पोट धरून बाहेर पळाला होता.

आमचं घर पुजाऱ्यांचं. लग्न झालं की नवी जोडपी देवीच्या पाया पडायला येत आणि आमच्याकडं उतरत. नवऱ्याच्या उपरण्याला नवरीच्या शालूची गाठ मारलेली असे, आणि दर्शन होईपर्यंत ती सुटता कामा नये हा कडक नियम. त्या दिवशी वडिलांचा घसा बसला, म्हणून परंड्याकडचं एक जोडपं माझ्या ताब्यात आलं. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि मिसरूड फुटण्याची वाट बघत होतो.

रांग निम्मी सरली आणि नवरदेव घामाघूम झाला. (वरातीतल्या जिलब्या!)

"पुजारीबुवा, एवढं धरा. गाठ सोडू नगा म्हनलीय आई. म्या आलोच!"

उपरणं माझ्या खांद्यावर टाकून त्यानं धूम ठोकली. इकडं रांग पुढं सरकायला लागली. मी थांबलो की मागचे ओरडत, सरकलो की नवरी पाठोपाठ येई. पदर नाकापर्यंत ओढलेला, तोंड कुणाला दिसेना! एका म्हातारीनं "लई ग्वाड जोडा हाय गं!" म्हणत आम्हां दोघांच्या कपाळाला मूठभर हळद फासली. नेमका तेवढ्यात आमच्या वर्गातला दिनकर समोरून आला. दिनकरला कळलेली गोष्ट गावात पसरायला एक कप चहा पुरे होई. त्यानं मला पाहिलं, हळद पाहिली, गाठ पाहिली आणि दर्शन न घेताच तो पळाला.

थोड्या वेळानं नवरदेव परतला. त्याचं उपरणं आणि बायको त्याच्या हवाली करून मी सुटलो. निदान मला तसं वाटलं!

पदराआडची नवरी कोण, हे गावानं झटकन ठरवलं. कचेरीतल्या अण्णा कारकुनांची नलिनी त्या दिवशी वर्गात नव्हती. ती आईबरोबर चष्मा आणायला सोलापूरला गेली होती, पण इतकी साधी गोष्ट कोण ऐकणार? त्यात नलिनी माझी मैत्रीण. मैत्री म्हणजे काय, तर ती मला बीजगणित समजावून सांगे, आणि ती समोर आली की मला उचकी लागे. हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं, त्यामुळं पुरावा भक्कम झाला.

मी घरी पोचलो तर कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन दारात हजर!

"वहिनी, सूनबाईचा हात पुढं करा."

"कुणाची सून?" आई म्हणाली.

"आता लपवून काय करता? पार तिकडं वाशी तालुक्यापर्यंत खबर गेली की!"

आईनं माझं पिवळं कपाळ बघितलं आणि ती खालीच बसली. वडिलांचा आवाज गेलेला, म्हणून ते मला खुणांनी शिव्या देत होते. मला त्या सगळ्या समजल्या.

खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या होत होत्या. नलिनीचं नाव माझ्या नावाशेजारी! फुकटात! पण आई म्हणाली, "मेल्या, तिचा काका आधीच पोरीची शाळा बंद करा म्हणून मागं लागलाय. आता बघ, उद्या शाळेतून तिचं नाव काढतील." नलिनीला मॅट्रिक होऊन मास्तरीण व्हायचं होतं. मी तसाच तिच्या घरी पळालो.

ओसरीवर अण्णा येरझारा घालत होते. काका बाजूला बसून आगीत तेल ओतत होते. "पोरगी शाळेत घातली, भोगा आता!"

"अण्णा, ऐका, ती नवरी परंड्याची..." मी सुरुवात झकास केली. पण तेवढ्यात सोलापूरची बस आली असावी, कारण दारात नलिनी उभी राहिली. नवा चष्मा लावून!

"ती... हुक्! नवरी... हुक्! उपरणं... हुक्!"

"नीट बोल!" अण्णा गरजले.

"हुक्!"

काकांनी सगळी बातमी नलिनीला मीठमसाला लावून सांगितली. तिनं चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अण्णा, तुमचा विश्वास माझ्यावर का गावावर?"

"तुझ्यावरच गं. पण लोक..."

"मग याच्याकडं बघा. याला माझ्यासमोर स्वतःचं नाव धड सांगता येत न्हाय. हा लग्न काय करतोय! मंगलाष्टकं होईस्तोवर याच्या उचकीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन कोण उभं राहील?"

अण्णा भिंतीला धरून हसले. काकांनाही हसू आवरेना! नलिनीनं आतून पाणी आणून दिलं आणि ती म्हणाली, "उद्या शाळेत ये. समीकरणं राहिलीत." तिची शाळा वाचली. पण माझ्यात लग्न करण्याची धमक नाही, हे अख्ख्या गावाला एका संध्याकाळीत पटलं, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढं नलिनी खरंच मास्तरीण झाली. लग्न करून नवऱ्याबरोबर दर्शनाला आली, तेव्हा तिच्या सासरचे पुजारी नेमके आम्हीच निघालो. देवळाकडं निघायच्या वेळी तिच्या नवऱ्याला चपला सापडेनात. त्यानं गाठीचं उपरणं माझ्यापुढं धरलं. "जरा धरता का?"

"त्याच्याकडं नको," नलिनी म्हणाली. "त्या खुंटीला अडकवा. खुंटीला उचकी लागत न्हाय."

आता मी काही मॅट्रिकचा पोरगा नव्हतो. चांगलं खणखणीत उत्तर द्यायचं ठरवून मी छाती पुढं काढली, तोंड उघडलं आणि म्हणालो,

"हुक्!"